पहाडावरून पाण्याखाली

संपादकांची आज्ञा अशी झाली की, यंदाच्या अंकासाठी मी नेहमीचा शास्त्रीय लेख न देता नाताळच्या सुट्टीत केलेल्या प्रवासाची हकीकत द्यावी. ही आज्ञा मुलांच्या आग्रहावरून सुटली आहे, हे मी ओळखून आहे. सुट्टी संपून शाळा उघडल्यापासून "गुरुजी पाण्याखाली गेले होते" ही वार्ता जिवतीच्या बाजारापर्यंत पोहोचली असून तिच्यात दर आठवड्यास थोडी थोडी भर पडत आहे. परवा एका पालकांनी मजला रस्त्यात थांबवून विचारले की, आपण समुद्राच्या तळाशी एक रात्र काढली हे खरे काय? तेव्हा घडले तेवढे एकदा लिहून टाकणे बरे.

आमचे गाव ज्यांनी पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. जिवती हे माणिकगडच्या डोंगरपठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. इकडचे लोक ह्या सगळ्या मुलखास नुसते 'पहाड' म्हणतात. पावसाळ्यात येथे पाणी धो धो कोसळते, आणि कोसळून उतारावरून तसेच खाली निघून जाते. मार्च उजाडला की विहिरी तळ दाखवू लागतात व डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांच्या रांगा वाटांवर दिसू लागतात. गोंडीत पाण्यास 'येर' म्हणतात, कोलामीत 'ईर'. तमिळातील 'नीर' ह्या शब्दाच्या घराण्यातलीच ही नावे. ती मी पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक ऐकतो. अशा गावच्या मास्तराने समुद्राच्या पोटात शिरावयास जावे, ह्याचे लोकांस नवल वाटले तर तो त्यांचा दोष नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एक प्रवासवर्णन माझ्या वाचनात आले. युरोप-अमेरिकेतील तरुण मंडळी पाठीवर एक पिशवी टाकून दक्षिण अमेरिकेतील देश पालथे घालीत हिंडतात. कोलंबिया देशात सांता मार्ता शहरानजीक तागांगा म्हणून कोळ्यांचे एक लहानसे गाव आहे. तेथे ती मंडळी उतरतात, थोडक्या खर्चात पाणबुड्याची विद्या शिकतात आणि पुन्हा पिशवी उचलून पुढे चालू लागतात. कोलंबिया माझ्या खिशास झेपणारा नव्हता. परंतु कोळ्यांची गावे आमच्याही किनाऱ्यावर आहेत, आणि तीच विद्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण-तारकर्लीस शिकवितात, असे चौकशीअंती कळले.

हे झाले निमित्त. कारण ह्याहून पुष्कळ जुने आहे. माझे बालपण राजुरा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी गेले. मी दहा वर्षांचा असताना, पोळ्याच्या दिवशी, माझा थोरला भाऊ शेजाऱ्यांचे बैल धुवावयास नदीवर गेला. तो चौदा वर्षांचा होता. नदी भरून चालली होती. बैल घरी आले. भाऊ तिसऱ्या दिवशी दीड कोस खाली सापडला. त्या रात्री आईने मजकडून वचन घेतले की, गुडघ्यावर पाणी असेल तेथे मी कधी पाऊल घालणार नाही. ते वचन मी पस्तीस वर्षे पाळले. कॉलेजचे सोबती अंबाझरीच्या तलावावर जात तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळीत बसे.

कॉलेज म्हणजे नागपूरचे हिस्लॉप. ते १८८३ साली ज्यांच्या नावाने निघाले ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी शाळा काढणारे, गोंडांचे शब्द व कथा टिपून ठेवणारे आणि दगडांचे मोठे दर्दी होते. आमच्या प्रांतातील खडकांवर व त्यांत सापडणाऱ्या जीवाश्मांवर त्यांनी केलेले लिखाण भूशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परत येताना एका फुगलेल्या ओढ्यात ते बुडून वारले. प्राध्यापक हा प्रसंग सांगू लागले की इतर मुलांच्या मनात ती शिलावर्तुळे राहत. माझ्या मनात तो ओढा राही.

गेली काही वर्षे वसतिगृहाची देखरेख मजकडे आहे. पावसाळ्यात मुले नाल्यांत उतरतात, खाणीच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात उड्या टाकतात. त्यांस कितीही बजावा, कितीही शिक्षा करा, ती उतरतातच, कारण वर्षातून तेवढेच दोन महिने त्यांस पाणी पोटभर पाहावयास मिळते. त्यांपैकी एखादा गटांगळ्या खाऊ लागला तर मी काय करणार? काठावर उभा राहून हाका मारणार. भाऊ गेला तेव्हाही काठावर माणसे होती, आणि त्यांतील एकासही पोहता येत नव्हते.

म्हणून गेल्या ईस्टरच्या सुट्टीत मी आईपाशी ते वचन परत मागितले. ती तांदूळ निवडीत बसली होती. बराच वेळ तिचे हात चालू राहिले. नंतर सूप बाजूस ठेवून तिने विचारले, "पोट्टे पाण्यात जातेत म्हणतोस?" मी हो म्हटले. "मंग शिक," ती म्हणाली, "पन नाकातोंडात पानी जाऊ देऊ नको." ही अट सांभाळून कोणासही पोहणे शिकता येत नाही, हे मी तिला सांगत बसलो नाही.

मे महिन्यात नागपुरास राहून मी पोहावयास शिकलो. माझ्या तुकडीत मी सोडून सर्वजण आठ ते बारा वर्षांचे होते, व त्यांच्यातील बहुतेकांनी मला चार दिवसांतच मागे टाकले. त्या दीड महिन्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. दोनशे मीटर न थांबता पोहणे व दहा मिनिटे उताणे तरंगणे एवढे पाणबुड्याच्या शिक्षणक्रमास लागते. तेवढे जूनपर्यंत साधले. समुद्र मात्र पावसाळ्यात बंद असतो. उधाण ओसरून पाणी निवळावयास ऑक्टोबर उजाडतो, म्हणून नाताळची सुट्टी धरली.

निघताना ट्रंक व होल्डॉल घरी ठेवून एकच पिशवी पाठीवर घेतली. तीत दोन सदरे, एक धोतर, चादर, नवा करार आणि शिक्षणक्रमाचे पुस्तक होते. घाट उतरून, अमलनाल्याच्या धरणावरून गडचांदूर, तेथून राजुरा, बल्लारशाहून आगगाडीने मुंबई, आणि मुंबईहून कोकण रेल्वेने कणकवली. पूर्व टोकाच्या माणसास आपले राज्य किती रुंद आहे हे कळावयास हा प्रवास एकदा करावा. कणकवलीहून एसटीने विजयदुर्ग गाठला आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो: काही वाट पायी, काही एसटीने, खाडी आडवी आली की पुलावरून वळसा घालून. देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, तोंडवळी ही गावे अशी झाली. मुक्काम घरगुती खानावळींत. जिवतीचा माणूस म्हटल्यावर "ते कोठे आले?" हा प्रश्न प्रत्येक ओसरीवर निघे; चंद्रपूर म्हटले की वाघ, आणि वाघ म्हटले की जेवणात एक मासा अधिक, असा माझा अनुभव आहे. एके सकाळी वाळूवर रापण ओढली जात होती. जाळ्याच्या दोन टोकांस दोन रांगा, म्हातारे, पोरे, बायका, सगळे मागे मागे सरकत ओढीत होते. मीही रांगेत उभा राहून ओढू लागलो. कोणी काही विचारले नाही, शेवटी मात्र चार बांगडे हातात दिले.

मालवणास पोहोचल्यावर समोरच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजीमहाराजांनी त्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. तटाच्या पायाखाली शिसे ओतले आहे. ह्या किल्ल्याभोवतीचे खडक व प्रवाळ हेच पाणबुड्यांचे आकर्षण. १९८७ साली येथला सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कोळ्यांनी त्यास विरोध केला, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहाडावरच्या माणसास हा वाद नवा नाही. अभयारण्याची रेघ घराच्या कोणत्या बाजूने जाते ह्यावर काय अवलंबून असते, ते आमच्या जंगलातल्या कोणासही विचारावे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस ह्या विद्येची संस्था चालविली आहे, शिवाय किनाऱ्यावर अनेक खाजगी शिक्षकही आहेत. मजला जो शिक्षक लाभला तो गाबीत समाजातील, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढा, दहावीनंतर शाळा सोडून बापाच्या होडीवर गेलेला आणि तेथून ह्या धंद्यात आलेला होता. पहिले दोन दिवस पुस्तकी पाठांचे. तो पाठ म्हणून दाखवी, मी खाली बसून ऐकत असे. बॉईलचा नियम मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे. पण दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट होतो, म्हणून तेथे छाती भरून घेतलेली हवा दम कोंडून वर आणली तर ती फुफ्फुसात दुप्पट होऊ पाहते व फुफ्फुस फाडते, हे उदाहरण मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात भेटले नव्हते. ह्यावरूनच पाणबुड्याचा पहिला नियम निघतो. तो त्याने आपल्या बोलीत सांगितला, "गुरुजी, भियाव नकात. फक्त श्वास रोखूचो नाय. कधीच नाय."

ह्या साधनाचा इतिहासही त्याने मला विचारला, कारण 'गुरुजींना ठाऊक असेल' अशी त्याची समजूत. सुदैवाने मी तो वाचून गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला, पेट्रोल मिळेनासे झाले, आणि मोटारी कोळशाच्या व लाकडाच्या वायूवर चालवू लागले. आपल्याकडेही त्या काळी कोळशाच्या बसगाड्या धावत. इंजिनास हवा तेवढाच वायू हव्या त्या क्षणी सोडणारी झडप एमिल गान्यां नावाच्या इंजिनियराने तयार केली. नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो ह्यांनी तीच पाणबुड्याच्या तोंडास लावण्याची कल्पना काढली, आणि १९४३ साली माणूस पाण्यात मोकळा फिरू लागला. तोवर पाणबुड्याच्या डोक्यावर पितळी घुमट आणि त्यास वरच्या नावेशी जोडणारी रबरी नळी असे. हवा मागितली की मिळते, न मागितली तर येत नाही: सगळे मर्म एवढेच आहे. आणखी एक गोष्ट त्यास फार आवडली. खोल पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर यावे, नाही तर रक्तात विरघळलेला नत्रवायू सोड्याच्या बाटलीप्रमाणे फसफसतो, हे जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हेही नामांकित शास्त्रज्ञ. ते १९५७ साली भारतात आले, येथलेच नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारले. "म्हणजे आपलेच," तो म्हणाला, व पुढील पाठ सुरू केला.

तिसऱ्या दिवशी तलावात उतरलो. पाठीवर हवेचे सिलिंडर, अंगात हवा भरता येणारे जाकीट, कमरेस शिशाच्या वजनांचा पट्टा, पायांस वल्ह्यासारखे पंख. जमिनीवर हे ओझे घेऊन चालणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो ते मला आरशावाचून कळले. तोंडात रेग्युलेटर धरून मस्तक पाण्याखाली घातले आणि पहिला श्वास घेतला. शरीर तो घेऊ देत नाही. बुद्धी म्हणते, हवा आहे. छाती म्हणते, पाणी आहे. ह्या भांडणात बुद्धीचा जय व्हावयास माझ्या बाबतीत पाऊण तास लागला.

पुढची परीक्षा मास्कची. तळाशी गुडघ्यांवर बसून डोळ्यांवरचा मास्क पूर्ण काढावयाचा, पुन्हा चढवावयाचा, आणि नाकाने हवा सोडून त्यातील पाणी बाहेर लोटावयाचे. मास्क काढताच थंड पाणी नाकाडोळ्यांवर आले. सगळे धूसर झाले, वर कोठेतरी हलणारा पांढरा उजेड तेवढा राहिला. पाण्याच्या आतून उजेड असा दिसतो, हे मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिले नव्हते; आणि हे शेवटचे कोणी पाहिले असेल ते मनात आल्यावाचून राहिले नाही. पाय झाडून वर जावे असे वाटले. त्याच वेळी माझ्या मनगटावर एक हात आला. त्याने मला दाबून धरले नाही, की वर ओढले नाही. तो हात नुसता तेथे राहिला, आणि दुसरा हात माझ्या छातीसमोर सावकाश पुढे मागे हलू लागला. धूसर दिसत होते, तरी अर्थ कळला. श्वास आत, श्वास बाहेर. त्या हाताच्या तालावर मी श्वास घेत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. नंतर मास्क चढविला, नाकाने फुंकर सोडली, पाणी खाली उतरले, आणि समोर त्या मुलाचे डोळे दिसले. त्याने अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ केले. पाण्याखाली ह्याचा अर्थ 'ठीक' असा आहे, आणि तो प्रश्नही असतो व उत्तरही. मीही वर्तुळ केले.

पाण्याखाली बोलता येत नाही. ध्वनी तेथे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो उजवीकडून आला की डावीकडून हे कानांस उमजत नाही. सगळा व्यवहार खुणांचा. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर चला'. आडवा पंजा डोलविला तर 'काही बिघडले आहे'. मला त्या तलावाच्या तळाशी आमचा पाचवीचा वर्ग आठवला. कोलाम पोडावरून आलेले मूल जूनमध्ये वर्गात बसते तेव्हा घरची भाषा त्याने दाराबाहेर ठेवलेली असते आणि आमची त्यास अजून आलेली नसते. ते खांदे आखडून, दम धरून बसते. त्यास 'मुखदुर्बळ' म्हणण्याचा प्रघात आहे. वर्गात कितीजण असा श्वास रोखून बसले असतील, हे मोजावे असे मला तेथे पाण्याखाली वाटले, आणि जानेवारीपासून मी ते मोजू लागलो आहे.

मग समुद्र. नियमाप्रमाणे चार बुड्या, अठरा मीटरांच्या आत. आमच्या तर आठ-नऊ मीटरांच्याच झाल्या. मालवणचे पाणी चित्रातल्यासारखे निळे नाही, हिरवट आहे, आणि चार-पाच मीटरांपलीकडे दिसत नाही. उतरताना कानांत दडा बसतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की तो सुटतो. वस्तू पाण्यात पाऊणपट अंतरावर भासतात, म्हणून मी ज्या दगडास हात टेकावयास जाई तो नेहमी हाताच्या पुढे असे. खडकावर प्रवाळ होते, कोठे मेंदूच्या गोळ्यासारखे, कोठे पानांसारखे पसरलेले. फुलपाखरू माशांची जोडी त्यांवरून फिरत होती. एका कपारीतून गोबरा मासा तोंड उघडझाप करीत मजकडे असा पाहत होता की, तपासणीस आलेले साहेब आठवले. लाल रंग पाण्यात सर्वांआधी लोपतो. जसजसे खोल जावे तसतसा तो काळपटत जातो. आम्हा मास्तरांच्या लाल शाईची तेथे काही मात्रा चालावयाची नाही.

प्रवाळ म्हणजे चुना. आमच्या पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यांसाठी जो चुनखडक फोडतात तोही एका समुद्राच्याच तळाशी साचला, मात्र प्रवाळ जन्मास येण्याच्या कितीतरी आधी. मी घरापासून इतक्या दूर येऊन जे पाहत होतो ते घराखालीही एके काळी होते, हा विचार श्वासाच्या बुडबुड्यांबरोबर वर जाऊ दिला. कारण तेथे विचार करीत राहिले तर हवा लवकर संपते. हेही त्या मुलानेच सांगितले होते.

चौथ्या बुडीनंतर नावेत चढलो तेव्हा त्याने माझी वही मागून घेतली, तीत तारीख, खोली व वेळ लिहिली आणि खाली सही केली. माझ्या वहीवर दुसऱ्याची सही होण्यास पुष्कळ वर्षे झाली होती. राजुऱ्यास उतरून आईस ती सही दाखविली. तिने वही उलटीसुलटी करून पाहिली व विचारले, "पानी गेलं का नाकात?" मी म्हटले, "गेले." ती म्हणाली, "जातेच."

उन्हाळ्यात मोठ्या मुलांच्या दोन तुकड्या पोहावयास शिकविण्याचे ठरविले आहे. जागेची व परवानगीची खटपट चालू आहे. त्याविषयी झाल्यावर लिहीन.

वर्गात ही सारी हकीकत सांगितली तेव्हा मुलांनी शार्कविषयी, सोन्याच्या पेट्यांविषयी, आणि पाण्याखाली शिंक आली तर काय करावे ह्याविषयी विचारले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज वर्षभरात मी चार-सहा वेळाच ऐकला असेल, उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, ते पाणी प्यायला येते का?" मी सांगितले की, नाही, ते खारट असते. तिने जरा विचार करून पुन्हा विचारले, "मग तेथल्या बायका पाणी कोठून आणतात?" तेव्हा मी तिला सिंधुदुर्ग किल्ल्यातील तीन विहिरींविषयी सांगितले. चोहोंकडे समुद्र, आणि मधल्या खडकात गोड्या पाण्याच्या तीन बावी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. "उन्हाळ्यातही?" तिने विचारले. उन्हाळ्यातही, मी म्हटले. ती खाली बसली. तास संपल्यावर मी वह्या पाहिल्या. इतरांनी मासे काढले होते. तिने तीन विहिरी काढल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या काठावर हंडा घेतलेली एक एक बाई.